दोन अर्धी तिकिटं : श्रीवर्धन ते रत्नागिरी, पंचवीस दिवस

दिवस १, रथसप्तमी

“दोन अर्धी, श्रीवर्धन,” हे ह्यांनी इतक्या ठसक्यात सांगितलं की वाहकाने आमच्या मागे नातवंडं उभी आहेत का ते वाकून पाहिलं. मग ह्यांनी आधार कार्ड पुढे केलं. पासष्टीपुढच्यांना एसटीत अर्धं तिकीट, आणि मार्च २०२३ पासून सगळ्याच बायकांना अर्धं. हे एकोणसत्तर, मी त्रेसष्ट, म्हणजे दोघांचं मिळून एक पूर्ण तिकीट. पुढचे पंचवीस दिवस ह्यांना जवळजवळ प्रत्येक गाडीत आधार काढावं लागलं. मला कुणी काही विचारलं नाही. बाई असण्याला पुरावा लागत नाही.

श्रीवर्धनहून किनाऱ्याकिनाऱ्याने मालवणपर्यंत जायचं, हाताशी एक महिना आणि पंचेचाळीस हजार रुपये, असा बेत होता. मुलगा म्हणाला, “कशाला एसटीचे धक्के खाता? गाडी करून देतो, चार दिवसांत कोकण होईल.” कोकण “होतं” म्हणजे नेमकं काय होतं, ते मला कळलं नाही. पोस्टाच्या बचत खात्याच्या खिडकीमागे तीस वर्षं काढली आहेत. घाई करणाऱ्याची पावती चुकते एवढं मला ठाऊक आहे.

पुण्याहून निघालो तेव्हा ताम्हिणी घाटात धुकं होतं, खाली उतरलो तसा घाम. माणगाव, म्हसळा करत दुपारी श्रीवर्धनला पोचलो. खोली सुपारीच्या वाडीत, तळमजल्यावर. फोनवर मी दोनच गोष्टी विचारत असे : कमोड आहे का, आणि जिना चढावा लागतो का. समुद्र दिसतो का हे मुद्दाम विचारलं नाही. समुद्र दिसणाऱ्या खोलीला दर जास्त, आणि समुद्र काही कुठे पळून जात नाही.

दिवस २ ते ४ : श्रीवर्धन, हरिहरेश्वर

श्रीवर्धन हे बाळाजी विश्वनाथ पेशव्यांचं गाव आणि रोठा सुपारीचंही गाव. पेशव्यांसाठी अर्धा तास पुरला. सुपारीला दोन दिवस दिले. घरमालकीणबाई (त्यांना मी पहिल्या संध्याकाळीच वहिनी म्हणू लागले) अंगणात सुपारी वाळत घालायच्या आणि मी शेजारी बसून हालवायची. दोघीही फारसं बोलत नव्हतो. मधेच त्या म्हणाल्या, “तुमचे हे माळकरी ना? मग उद्या त्यांचं मडकं वेगळं लावते.”

मडकं म्हणजे पोपटी. माघातल्या थंडीत रायगडात जाणार असाल तर ही चुकवू नका. मडक्याच्या तळाशी भांबुर्ड्याचा पाला, त्यावर वालाच्या शेंगा, बटाटे, ओवा, जाडं मीठ, आणि ज्यांना चालतं त्यांच्यासाठी अंडी नि कोंबडी. पाण्याचा थेंब नाही. तोंड पाल्याने गच्च बंद करायचं, मडकं उपडं ठेवायचं आणि वरून पेंढा-काटक्यांचा जाळ. शिजलं की नाही हे वहिनींचे दीर मडक्यावर पाण्याचे शिंतोडे मारून, नुसतं ऐकून सांगत होते. मोठ्या मडक्याशेजारी ह्यांचं एक इवलंसं मडकं, अंड्याकोंबडीपासून हातभर लांब. पाल्याचा तो कडवट-ओला वास शेंगांत उतरला होता. ह्यांनी वाल आयुष्यभर नाकं मुरडत खाल्ले, त्या रात्री सालं चोखली.

तिसऱ्या दिवशी हरिहरेश्वर, सकाळी जाऊन संध्याकाळी परत. तिथली प्रदक्षिणा ओहोटीलाच होते. देवळामागून दगडांच्या फटीतून पायऱ्या उतरतात आणि खाली लाटांनी जाळीसारखा कोरलेला कातळ लागतो. भरतीला तिथे जाणं म्हणजे जिवाशी खेळ आहे. वेळ कशी काढायची ते वहिनींनी शिकवलं : तिथीचा आकडा घ्यायचा, त्याची पाऊणपट करायची, ती भरतीची वेळ. त्या दिवशी नवमी होती. नऊची पाऊणपट पावणेसात. सकाळी पावणेसातला भरती, म्हणजे सव्वासहा तासांनी, एकच्या सुमारास पूर्ण ओहोटी. हिशेब ढोबळ आहे, तासाभराचा फरक धरावा आणि उतरण्याआधी तिथल्या माणसाला विचारावंच. पण दिनदर्शिकेत तिथी बघून हे गणित करता येतं आणि त्याला इंटरनेट लागत नाही.

आधी काळभैरव, मग हरिहरेश्वर, असा तिथला दर्शनाचा क्रम. आम्ही साडेबाराला खाली उतरलो. ऊन मरणाचं, पण कातळ कोरडा, आणि वयाला कोरडा कातळ लागतो. ह्यांच्या डाव्या गुडघ्याने उतरताना कुरकुर केली. पायऱ्या उतरताना पाठीला पाठ लावून बसलेलं एक जोडपं दिसलं, आमच्याहून थोडं मोठं. आजी म्हणाल्या, “आम्ही इथपर्यंतच. पुढचं तुम्ही बघा आणि येताना सांगा.” आम्ही बघितलं, आणि येताना त्यांच्याशेजारी बसून सांगितलं. आजोबा मधेमधे “लाट केवढी?” असं विचारत होते.

चौथा दिवस झोपण्यात गेला. वहीत त्या दिवशीचा खर्च सगळ्यात कमी आहे.

दिवस ५ ते ७ : वेळास

बागमांडल्याहून सावित्रीची खाडी जेट्टीवरून ओलांडली की पलीकडे वेश्वी आणि रत्नागिरी जिल्हा सुरू. जेट्टी म्हणजे धक्काही आणि बोटही, इथे दोन्हीला एकच शब्द चालतो. मोटारी, दुचाक्या आणि माणसं एकाच बोटीत. मोटारवाले काचा बंद करून आत बसून राहिले. खाडीवरचा वारा पायी चढलेल्यांच्या वाट्याला आला.

वेळास नाना फडणवीसांचं मूळ गाव, पण हल्ली लोक येतात ते कासवांसाठी. ऑलिव्ह रिडले कासवाची मादी रात्री वाळूत येऊन शंभरेक अंडी घालून जाते. गावातली माणसं ती कोल्ह्याकुत्र्यांपासून जपायला कुंपणात हलवतात, आणि दीड-दोन महिन्यांनी पिल्लं बाहेर पडली की त्यांना समुद्राकडे सोडतात. आम्ही मोठ्या उत्साहाने पहाटे उठून किनाऱ्यावर गेलो. कुंपण होतं, घरटी होती, प्रत्येकावर तारखेची पाटी होती. पिल्लं नव्हती. राखणीचा मुलगा हिशेब करून म्हणाला, “काकू, अजून दोन आठवडे तरी.” खोली इतकी स्वस्त का मिळाली ते तेव्हा कळलं. पिल्लंच बघायची असतील तर मार्चमध्ये या आणि आधी फोन करून घरट्यांच्या तारखा विचारा. आम्ही फोनवर फक्त कमोडचं विचारलं होतं.

त्याच सकाळी सामान घेऊन रस्त्यावर. आदल्या दिवशी दुकानदाराने नवाची गाडी सांगितली होती. नऊ वाजले, साडेनऊ वाजले. सव्वादहाला डोक्यावर गवताचा भारा घेतलेल्या एक आजी आमच्यासमोर थांबल्या.

“कुठं जायचाय?”

“मंडणगड. नवाची गाडी—”

“आज रयवार नाय काय? पोरांची गाडी ती. पोरांना सुट्टी, गाडीला सुट्टी.”

चूक आमचीच. निवृत्त माणसाला वार लक्षात राहत नाही, आणि खेड्यातल्या कितीतरी फेऱ्या शाळेसाठीच असतात. तेव्हापासून गाडीची वेळ विचारताना मी “रविवारीसुद्धा?” हे जोडते. दुसरा शब्द शिकून ठेवा तो म्हणजे वस्तीची गाडी. संध्याकाळी गावात येते, रात्री तिथेच राहते, पहाटे परत निघते. चालक-वाहक गावातच झोपतात. पहाटेची ही गाडी सहसा चुकत नाही, कारण ती आधीच तिथे उभी असते.

भाऱ्यावाल्या आजींनी आम्हाला परत सोडलं नाही. घरी नेऊन घावन आणि गुळाचा चहा दिला. पैसे घ्यायला तयार नाहीत. शेवटी ह्यांनी त्यांच्या नातवाचं गणिताचं पुस्तक उघडलं आणि दुपारपर्यंत अपूर्णांक शिकवले. त्या अर्ध्या-पाव-पाऊणमध्ये भरती-ओहोटीचं गणितही आलं. ते त्या पोराला आमच्याहून चांगलं येत होतं.

सोमवारी पहाटे वस्तीच्या गाडीने मंडणगड आणि तिथून दापोली.

दिवस ७ ते १२ : आंजर्ले

मूळ बेतात आंजर्ल्याला दोन रात्री होत्या. सहा राहिलो. मालवण इथेच गेलं, पण ते आम्ही तेव्हा एकमेकांना सांगितलं नाही.

खोली आठवडाभरासाठी घेतो म्हटल्यावर दर आपोआप उतरला. इथला बाजार असा : शुक्रवार संध्याकाळ ते रविवार दुपार पुण्यामुंबईच्या गाड्या येतात, खोल्यांचे दर चढतात, जेवणाला रांग लागते. सोमवारी सगळं ओस. तेव्हा गाव बदलायचं ते सोमवार ते गुरुवारात, आणि शनिवार-रविवारी आहे तिथेच दडून राहायचं. निवृत्तीचा हा एक फायदा नोकरीवाल्यांना विकत घेता येत नाही.

रोजचा क्रम ठरून गेला. सकाळी कड्यावरच्या गणपतीला. उजव्या सोंडेचा, टेकडीवर, वरून सुवर्णदुर्ग दिसतो. पहिल्या दिवशी रिक्षाने गेलो, तिसऱ्या दिवशी थांबत थांबत पायी. दुपारी जेवण आणि झोप. संध्याकाळी वाळूवर. समोरच्या वाडीतले भाऊ आंब्याला फवारणी करत असायचे, मोहोर पांढरट-गुलाबी फुलला होता. एका सकाळी आभाळ आलं तर ते अंगणात येऊन नुसतेच वर बघत उभे. “मळभ दोन दिवस राहिलं तर तुडतुडा पडतो,” म्हणाले. दुपारी ऊन पडलं तेव्हा आम्हालाच हायसं वाटलं, जणू कलमं आमची.

पौर्णिमेच्या दिवशी हर्णैचा मासळीचा लिलाव बघायला गेलो. ओहोटीच्या वेळी बोटी आत उभ्या राहतात आणि बैलगाड्या पाण्यात घालून मासळी काठावर आणतात. बैल पोटापर्यंत पाण्यात, निवांत. वाळूवर ढिगारे लागतात आणि बायका अशा वेगाने बोली लावतात की मला, आयुष्यभर आकडे ऐकलेल्या बाईला, एक अक्षर कळलं नाही. ह्यांनी माळकरी असूनही एक तास हलायचं नाव घेतलं नाही. कोळणीच्या हातातल्या नोटा मोजण्याच्या पद्धतीवर भाळले होते. मी वाटाभर मांदेली घेतली, घरच्या काकूंनी तिखट-मीठ-हळद लावून तांदळाच्या पिठात तळली. ह्यांच्यासाठी कुळथाचं पिठलं. एका पंगतीत दोन धर्म.

आता थोडं जेवणाच्या खर्चाबद्दल. खानावळीत रोज दोन थाळ्या घेतल्या तर पैशाआधी पोट बसतं. आम्ही दुपारी एकच पूर्ण थाळी आणि जादा भात मागायचो. रात्री स्वतःची पेज. पिशवीत एक लहान विजेची किटली, पातळ पोह्यांची पुडी, मेतकूट आणि लोणचं होतं. किटली आधी विचारून लावावी. एकाही घरात कुणी नाही म्हटलं नाही, उलट बहुतेक ठिकाणी “पेज कशाला किटलीत, आमच्यातली घ्या” असंच झालं.

“आवडेल तेथे प्रवास” हा एसटीचा चार किंवा सात दिवसांचा पास घ्यावा का, असं दापोली स्थानकावर एका गृहस्थांनी आम्हाला विचारलं. भराभर अंतर कापणाऱ्यांना तो परवडत असेल. सहा दिवस एकाच गावात बसणाऱ्यांना नाही. अर्धं तिकीट बरं.

दिवस १३ ते १७ : गुहागर

दापोली, दाभोळ, जेट्टीने वाशिष्ठीच्या मुखावरून धोपावे आणि तिथून गुहागर. सगळं सुरळीत. मग रात्री कळलं की ह्यांच्या रक्तदाबाच्या गोळ्यांची पिशवी आंजर्ल्याच्या खिडकीत राहिली.

निघताना मी गोळ्या दोन पिशव्यांत वाटल्या होत्या. दुसरी पिशवी माझ्या पर्समध्ये होती, पण तीत चारच दिवसांचा साठा, कारण “मला दहा वेळा विचारायला लागू नये” म्हणून ह्यांनी मधेच बाकीच्या सगळ्या आपल्याकडे घेतल्या होत्या. रात्री यावर आमचं जे बोलणं झालं ते इथे लिहीत नाही. सकाळी औषधाच्या दुकानात गेलो. तिथे आमच्या कंपनीची गोळी नव्हती. पण डॉक्टरांच्या चिठ्ठीवर मी मूळ औषधाचं नाव लिहून घेतलं होतं, अॅम्लोडिपिन, पाच मिलिग्रॅम, आणि त्याच औषधाची दुसऱ्या कंपनीची गोळी तिथे होती. पुण्यातल्या आमच्या डॉक्टरांना फोन लावून खात्री करून घेतली, ते हो म्हणाले, आणि काम झालं. म्हणून सांगते, चिठ्ठी बरोबर ठेवा आणि तीत औषधाचं मूळ नाव असू द्या. फोनमधला फोटो पुरे नाही, फोनची बॅटरी अशाच वेळी मरते.

पुढचे दोन दिवस मी कुठेच हलू दिलं नाही. गुहागरचा किनारा लांबच लांब आणि सपाट, गुडघ्यांसाठी याहून चांगला रस्ता नाही. वाळू ओली आणि घट्ट असते तेव्हाच चालावं, म्हणजे पुन्हा ओहोटी. सकाळी व्याडेश्वर, मग सुरूच्या सावलीत वर्तमानपत्र. तिसऱ्या दिवशी रेशन मिळाल्यासारखं एक ठिकाण मिळालं : हेदवी.

दशभुज गणेशाचं दर्शन घेऊन खाली बामणघळीवर गेलो. समुद्राच्या कातळात लांबट चीर आहे. भरतीचं पाणी आत घुसतं आणि कोंडून वर उसळतं, असं सगळे सांगतात. माघ वद्य षष्ठी, पाऊणपट साडेचार, म्हणून आम्ही नेमके चारला हजर. पाणी आलं. उसळलं नाही. घळ नुसती एखाद्या जाड माणसाने जिना चढल्यावर धापा टाकाव्यात तशी आवाज करत राहिली. शेजारी उभा असलेला रिक्षावाला आमची तोंडं बघून म्हणाला, “पावसाळ्यात या, तेव्हा ती रागात असते.” तोच आम्हाला परतीला घेऊन आला, आणि वाटेत स्वतःच्या घरी थांबून कोवळ्या फणसाची भाजी डब्यात भरून दिली. रिक्षाचे पैसे मात्र पूर्ण घेतले. मला हा माणूस आवडला.

महाशिवरात्र जवळ आली असेल तर हरिहरेश्वर, वेळणेश्वर, गुहागर इथे मुक्कामाचा विचार करून जा. उत्सव बघायचा असेल तर ठीक, पण स्वस्त खोली आणि बसमध्ये जागा या दोन्हींची आशा सोडा. आम्ही त्याआधीच निघालो.

दिवस १८ ते २० : मालगुंड

तवसाळहून जयगडला शेवटची जेट्टी. गणपतीपुळ्याला राहण्याऐवजी अलीकडच्या मालगुंडला राहिलो. चालत जाण्याजोगं अंतर आहे, आणि गर्दीचा आवाज येत नाही. गणपतीपुळ्याच्या समुद्रात उतरू नका, तिथे जागोजागी सूचना लावलेल्या आहेत त्या उगाच नाहीत. इथे तीन दिवस हवा दमट झाली होती, पंखा अपुरा पडत होता, आणि आम्हा दोघांनाही एकमेकांचा थोडा कंटाळा आला होता. तेही लिहायला हवं. चाळीस वर्षांच्या संसारात हे दिवसाचे दहा तास कारखान्यात आणि मी आठ तास पोस्टात असायची. सलग वीस दिवस चोवीस तास एकत्र राहायची ही पहिलीच वेळ. उपाय साधा निघाला : दुपारी चार ते सहा ज्याने त्याने आपलं आपलं. हे देवळाच्या पायरीवर, मी वाळूवर. सहाला चहाच्या टपरीवर भेटायचं. बोलायला विषय असायचे.

दिवस २१ ते २५ : रत्नागिरी आणि परत

रत्नागिरीत थिबा राजवाडा पाहिला. इंग्रजांनी १८८५ साली ब्रह्मदेशचं राज्य घेऊन थिबा राजाला इथे आणून ठेवलं. हा राजवाडा १९१० साली बांधून झाला आणि १९१६ साली राजा इथेच वारला. गच्चीवरून खाडी आणि भाट्याचा पूल दिसतो. तीस वर्षं माणूस या गावात राहिला, शेवटची काही वर्षं इथून रोज हे पाणी बघत असेल, ज्यात त्याच्या घरी जाणारी एकही बोट नाही. हे बराच वेळ गप्प होते. मग म्हणाले, “मालवणला उद्या निघायचं का?”

खोलीवर येऊन वही उघडली. दिवस शिल्लक होते पाच, पैसे तीन-साडेतीन हजार आणि परतीचं तिकीट. मालवणला जाता आलं असतं, दोन रात्रींसाठी. सिंधुदुर्ग, बाजार, मासे, आणि परत. “होऊन” गेलं असतं. ह्यांनी वही बंद केली आणि विचारलं की रत्नागिरीत शिवरात्रीची खिचडी चांगली कुठे मिळेल. घरमालकीणबाईंनी ऐकलं आणि वऱ्याचे तांदूळ, दाण्याची आमटी आणि शहाळं, असा आमचा उपास दणदणीत झाला.

पंचवीस दिवसांचा दोघांचा मिळून खर्च : खोल्या २१,३००, खाणं १५,२००, एसटी-जेट्टी-रिक्षा ३,४१०, औषधं आणि किरकोळ १,९५०. एकूण ४१,८६०. पुण्यात घरी राहिलो असतो तरी यातला बराच झालाच असता, हे धरलेलं नाही.

परतीच्या गाडीत वाहक तरुण मुलगी होती. ह्यांचं आधार बघून म्हणाली, “आजोबा, पंच्याहत्तरीनंतर फुकट आहे, माहीत आहे ना?”

“अजून सहा वर्षं.”

“मग मालवण तेव्हा,” मी म्हटलं.

“तेव्हा तुझं अर्धं कोण काढणार?” हे म्हणाले, आणि सुट्ट्या पैशांसाठी खिसे चाचपायला लागले.